जहाजाच्या पोटातले मेश्रामकाका

मेश्रामकाका कुठेही गेले तरी बसण्याआधी भिंतीवर बोटाचं पेर आपटून बघत. महाल भागातल्या माझ्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी मागचं पार्टिशन दोनदा ठोकलं आणि विचारलं, "पोकळ हाय. मागं काय ठेवलं वं?" कागदांचे गठ्ठे, मी म्हटलं. मग ते स्टुलावर टेकले.

हा माणूस जहाजावर फिटर होता, हे आमच्या गल्लीत कुणाला खरं वाटत नसे. पोरं म्हणायची, काका, फुटाळा तलावात चालवून दाखवा. ते म्हणायचे, "तिथं बुडाले बी लाज वाटन." त्यांचं जहाज दीपगृहांना रसद पोचवायचं. समुद्रातल्या खडकांवर राहणाऱ्या माणसांसाठी पाणी, डाळ-तांदूळ, डिझेल, घरची पत्रं न्यायची आणि पाळी संपलेल्यांना परत आणायचं. जहाज दिसलं की वरची माणसं चादर हलवत, असं काकांनी फक्त ऐकलं होतं. ते खाली, इंजिनरूममध्ये असत. "बावीस वर्षं दिव्याचं सामान वाहिलं, पण पेटलेला दिवा मले एकदाच दिसला," असं ते तक्रार न करता सांगत.

इंजिनरूममधल्या तापलेल्या नळ्यांवर ॲस्बेस्टॉस गुंडाळलेलं असे. न जळणाऱ्या त्या दोरीचं खलाशांना मोठं अप्रूप. सुट्टीवर निघताना प्रत्येक जण हातभर दोरी पिशवीत टाकायचा, तशी काकांनीही आणली. वत्सलाकाकूंनी तिची चुंबळ केली. कढत पातेलं त्या चुंबळीवर ठेवायच्या आणि मळली की ओट्याच्या कडेवर आपटून झटकायच्या. काकांचे कामाचे कपडेही त्याच झटकून धूत. पुढे काकूंना खोकला लागला. डॉक्टर बदलले, क्षयाच्या गोळ्या झाल्या, आणि काकू गेल्या. चुंबळ घरात राहिली. काका तिच्यावर चहाचं भांडं ठेवत.

मग त्यांनाच धाप लागू लागली. छातीचा फोटो आणि कसलेकसले अहवाल झेरॉक्स करायला माझ्याकडे येत. एके दिवशी डॉक्टरांनी त्यांना विचारलं, ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलं होतं का? त्याचीच धूळ फुप्फुसात बसते. त्या दिवशी काका दुकानात आले ते भिंत न ठोकताच बसले. म्हणाले, "मीच आणली ना घरात."

मी पाणी दिलं. दुसरं काय देणार?

त्याच आठवड्यात शेजारची सून कोकणातून फिरून आली. खाडीत बांधून ठेवलेल्या एका जुन्या जहाजावरच्या हॉटेलात ती जेवली होती. फोटो बघताना काकांनी मोबाइल हातात घेतला आणि एक फोटो मोठा करकरून पाहिला. पांढऱ्या रंगवलेल्या भिंतीपुढे टेबलं मांडलेली होती. "हे माझं इंजिनरूम," ते म्हणाले. "अन् हा पत्रा मी ठोकला."

खरं काय ते दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात कळलं. जहाज विकण्याआधी ॲस्बेस्टॉस काढून टाकायचा हुकूम होता. मुदत चार दिवसांची होती. काढलं नाही. वरून पत्रे मारले, रंग दिला, आणि सगळं काढलं असं लिहिलेल्या कागदावर मुख्य फिटर म्हणून काकांनी सही केली. "साहेब म्हणे झाकून टाक. मीबी झाकलं. झाकलं म्हणजे गेलं नसते वं, मंदा." हॉटेलच्या मालकाला पत्र लिही, म्हणाले. कोणत्या भिंतीमागे किती आहे, सगळं त्यांना पाठ होतं. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं, त्यांनी खाली सही केली.

आणि मी त्यांना थांबवलं. चौकशी लागेल, तुम्हालाच उभं करतील, आधी उपचार सुरू होऊ द्या, असं व्यवहाराचं बोलले. काका माझं सहसा ऐकत नसत. या वेळी ऐकलं. पत्र माझ्या खणात तीन आठवडे पडून राहिलं. शेवटी दवाखान्यातून त्यांनीच फोन केला. श्वास पुरत नव्हता, दोनच शब्द बोलले, "पाठव आता." मी त्याच दुपारी ते रजिस्टर पोस्टानं पाठवलं. नवव्या दिवशी काका गेले.

त्यानंतर आठवड्यानं दुकानात फोन आला. पत्रावर नंबर माझा होता. हॉटेलात दुरुस्तीची कामं बघणारा माणूस बोलत होता. मालकांनी पत्र वाचून बाजूला ठेवलं, पण मी वाचलं, म्हणाला. नेमका कोणता पत्रा, एवढंच त्याला हवं होतं. मी कॉपी काढून वाचून दाखवलं: शिडीवरून उतरल्यावर डावी भिंत, तिसऱ्या पत्र्यापासून पुढे.

तिसरा ना, असं त्यानं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "तिसराच कापला आम्ही. एक्झॉस्टचा पंखा बसवायचा होता. चौघं होतो. पांढरी धूळ उडाली नुसती."

कधी, मी विचारलं. त्यानं वार आणि तारीख सांगितली. त्या तारखेला पत्र माझ्या खणात होतं.

मी त्याला सांगितलं, पत्रा पुन्हा उघडू नका, चौघंही छातीच्या डॉक्टरकडे जा, आणि काय झालं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यानं लिहून घेतलं. मग त्याला मेश्रामसाहेबांशी बोलायचं होतं. ते वारले, मी म्हटलं.

"कशानं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं.