जळगाव जामोदचा पानबरेजा आणि माझ्या टाचा

मिरजेहून निघालो तेव्हा मनात एकच इच्छा होती: व्याह्यांच्या पानवेलीही माझ्या वेलींसारख्याच वाळलेल्या दिसाव्यात. असं कुणी उघड लिहीत नाही, पण खरं तेच. माझ्या मळ्यात दोन वर्षं मर रोग होता. वेल बुडाशी काळी पडायची आणि आठवड्यात मान टाकायची. औषधं ओतून थकलो. आणि सूनबाई रोज जेवताना सांगायची, तिच्या बाबांनी मातीत मित्रबुरशी (रोगाच्या बुरशीला खाणारी बुरशी) घातली नि बरेजा (पानमळा) कसा बहरला.

शेगावला रेल्वेतून उतरून एसटी धरली. घेतलेली कचोरी पहिल्याच खड्ड्यात अंगावर सांडली. कपाशी मागे पडली, सातपुडा जवळ आला, आणि स्टँडवर व्याही पुंडलिकराव हसत उभे होते. तब्येतही माझ्यापेक्षा बरी.

बरेज्याबाहेर चपला काढायच्या, ही तिथली रीत. शिवाय मर लागलेल्या मळ्याचा माणूस आत येत नाही. त्याच्या पायांबरोबर रोग येतो. तुमच्याकडं ठीक ना, त्यांनी विचारलं. ठणठणीत, मी म्हणालो. टाचेच्या भेगांत माझ्या मळ्याची काळी माती तशीच होती.

आत गारवा होता. तळहाताएवढी तुकतुकीत पानं बघून मी जळलो. सावलीत ओल्या गोणपाटाखाली शेणखताचा ढीग होता, त्यावर शिळ्या भाकरीवर यावी तशी हिरवी बुरशी; सूनबाई सांगायची तीच. पुंडलिकरावांनी घमेलं भरून घेतलं आणि माझ्यामागून चालत मुठीमुठीनं टाकू लागले. पाहुण्यापुढं मिरवतोय, मी मनात म्हटलं. एका पानाचंही कौतुक केलं नाही.

जेवायला भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. मी भाकरी कुस्करत बसलो. माझ्या खोटेपणानं या बरेज्याला मर लागली, तर सूनबाईला तोंड कसं दाखवू?

सकाळी स्टँडवर सगळं सांगून टाकलं. पुंडलिकरावांनी तोंडातलं पान गालात सरकवलं.

"पोरीनं सांगतलं होतं मले फोनवर."

"मग आत का येऊ दिलंत?"

"इवाई (व्याही) इतक्या दुरून आला, त्याले दारातून वापस पाठवू काय? म्हणून तं तुमच्या पावलापावलावर मूठ टाकून राह्यलो होतो."

मग एसटीत माझ्या पायाशी त्यांनी त्याच खताचं पोतं ठेवलं.

घरी येऊन ते मातीत मिसळलं. वेलींना नवे फुटवे येताहेत. सूनबाई अजून बाबांचं कौतुक करते, आणि मी अजून जळतो. पानांवर नाही, त्या माणसावर. असा खोटं बोलणारा व्याही माझ्या मळ्यावर आला असता, तर मी त्याच्या चपला उचलून चार लोकांदेखत त्याच्या हातात दिल्या असत्या.