वहिनीचं पक्कं अंगण

शेजारच्या वाण्याकडे फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी दाढी करत होतो. तसाच धावलो. "तुमच्या वहिनी गेल्या," जोगेश्वरीहून तिचे शेजारी सांगत होते, आणि मी, का कोण जाणे, विचारलं, "कुठे?" ... चहा ठेवताना छातीत कळ आली, ओट्याला टेकून बसली ती उठलीच नाही. त्याला आता दीड महिना होईल.

ऐंशी सालच्या सुमारास काचबिंदूने माझ्या थोरल्या भावाची दृष्टी गेली आणि अंधेरीच्या कारखान्यातली नोकरीही. त्यांच्या बैठ्या घरापुढे तेव्हा नुसती काळी माती होती. चिखलात दादाचा पाय घसरू नये म्हणून दोन रविवार खपून मीच शहाबादी फरशी घातली. मातीवर चार बोटं रेती, वर फरशी, झालं. "बघ वहिनी, झकास!" पहिल्याच पावसाळ्यात माती खचली, एक फरशी कलली आणि दादा तोंडावर आपटला. मनगट मोडलं. ते जुळलं, पण त्याने उंबरठा ओलांडणंच सोडलं. वहिनी मला एका शब्दाने बोलली नाही... बोलली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर तिने गवंडी बोलावला, मलाही. सगळी फरशी उखडली. गवंडी म्हणाला, "विटांचे तुकडे टाकून वर मुरूम पसरू. अंगणच ते बाई, वरून काय ट्रक जाणारे?"

"ट्रकवाल्याला पुढचं दिसतं. माझ्या माणसाला दिसत नाही. कडक जमीन लागेपर्यंत खणा."

गुडघाभर काळी माती काढल्यावर कडक मुरूम लागला. त्यावर हाताने लावलेले दगड, फटींत खडी, मग पाणी मारून धुम्मसाने ठोकणं. गवंडी बस म्हणाला की वहिनी म्हणायची, "भावजी, अजून एकदा ठोका." माझे तळहात सोलले. ती स्वतः घमेली उचलत होती. त्यावर काँक्रीट, आणि त्यावर तीच जुनी फरशी, पाणी गटाराकडे वळेल इतका उतार देऊन. आठवडाभर पाणी मारून झाल्यावर ती डोळे मिटून, अनवाणी, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मग दादाला उंबऱ्यात उभं केलं आणि हात सोडला. "चला. काही होत नाही." तो चालला. पुढचे सगळे पावसाळे चालला.

बाराव्यानंतर मी म्हटलं, "दादा, मुलुंडला चल माझ्याकडे."

"तिथं हात धरून फिरवशील मला. इथं मी चालतो." मग म्हणाला, "तुझी फरशी वाजायची रे. हिचं पाऊल कळायचं. हिने पक्कं केलं नि आवाजच गेला. जवळ येऊन बोलली की मगच कळायचं, आलीय ते... म्हणून अजून वाटतं, असेल इथंच."

परवा मी न बोलता अंगणातून त्याच्या अगदी जवळ गेलो. त्याने एकदम मान वर केली, चेहरा असा उजळला... मी बोललो आणि तो मावळला.

आता मी फाटकाबाहेरूनच ओरडतो, "दादा, मी आहे रे, मी!"