नवऱ्याच्या दोन कॉइल

माझ्या नवऱ्याने सिगारेट सोडली तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं. सिगारेटच्या जागी घरात काय आलं, ते कोणी विचारलं नाही. आला तो व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. तेव्हा त्यावर बंदी यायची होती, सामान उघड मिळायचं. बटण दाबलं की चालणारा तयार व्हेप त्याने घेतला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ह्याला तो स्वतःच्या हाताने बांधायचा होता. खाली बॅटरीचा ठोकळा, वर अंगठ्याएवढी डबी, आणि त्या डबीत तारेच्या दोन बारीक स्प्रिंगा बसवायच्या. त्यांना तो कॉइल म्हणायचा. कॉइलमधून कापूस ओवायचा, कापसावर गोडसर वासाचं लिक्विड टाकायचं, तार तापली की वाफ.

कापूस दर आठवड्याला जळका लागायचा. मग खारघरच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल दुपारभर त्याच्या ताब्यात. एकदा भाजीत तारेचा तुकडा निघाला. त्या दिवशी मी जेवले नाही.

अशातच महापेहून ऑफिस सुटल्यावर येताना कोपरखैरण्याच्या सिग्नलजवळ त्याची स्कूटर घसरली. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. साताऱ्याहून सासूबाई आल्या. आईसमोर व्हेप ओढायचा कसा, हा त्याचा मोठा प्रश्न. त्याने सांगून टाकलं, "छातीत कफ आहे, डॉक्टरांनी वाफ घ्यायला सांगितलंय." सासूबाईंनी मान हलवली.

रविवारी दुपारी तो ठोकळा माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "दोन्ही कॉइल गेल्यात. डाव्या हाताने जमत नाही. तू बांधून दे ना."

"मी? मला ती वस्तू डोळ्यासमोर नकोय."

"मग खालच्या टपरीवरून एक पाकीट आणतो," आईला ऐकू जाऊ नये म्हणून तो कुजबुजला. "सिगारेट डाव्या हातानेही ओढता येते."

ही धमकी होती, हे दोघांनाही कळत होतं. मी टेबलाशी बसले.

"ह्या स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर तार गुंडाळ. सहा वेढे. एकाला एक चिकटून, पण एकावर एक नाही."

केसाहून जरा जाड तार. सुटली की उसळायची. कशीबशी एक स्प्रिंग झाली, मग दुसरी. त्याने ती उजेडात धरली. "हे सात झाले."

"एका वेढ्याने काय होतं?"

"एक आधी तापेल, दुसरी मागे राहील. दोन्ही अगदी सारख्या हव्यात."

मी परत गुंडाळली. मग तारेची टोकं डबीतल्या भोकांत घालून इवलेसे स्क्रू आवळायचे. एक आवळला की दुसरीकडचं टोक बाहेर यायचं. तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, सगळा उजेड अडवून.

"हळू."

"हळूच करतेय."

"दोन्हीकडची टोकं सारखी ठेव."

"तू तिकडे जाऊन बस बरं."

तो गेला नाही. स्क्रू आवळल्यावर वाढीव टोकं नेलकटरने कापायची होती. एक तुकडा उडाला तो थेट खाली बसून मेथी निवडणाऱ्या सासूबाईंच्या पातेल्यात. सगळी मेथी परत पसरून पानन् पान बघावं लागलं. सासूबाईंसमोर मला ओशाळल्यासारखं झालं.

बटण दाबलं. डावी कॉइल लाल झाली, उजवी काळीच. तो म्हणाला, "स्क्रू सैल असेल." आवळला, तर तारच तुटली. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला उजवी लाल, डावी मंद. बँकेच्या माझ्या नोकरीत दिवसभर इतकी डोकेफोड होत नाही. आणि हा शांतपणे सांगत होता, "पेशन्स ठेव." माझ्या तोंडात जे आलं ते सासूबाईंमुळे गिळलं.

शेवटी दोन्ही कॉइल एकदम तापल्या, मधून सुरू होऊन टोकांपर्यंत सारख्या लाल. क्षणभर मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून पुन्हा राग आला.

आता कापूस राहिला. सासूबाई हात पुसत उठल्या. "वाती मी वळून देते." त्यांनी समईला वळतात तशा दोन कडक वाती वळून दिल्या. त्या ओवल्या, लिक्विड टाकलं, त्याने पहिला झुरका घेतला आणि खोकून खोकून डोळ्यांतून पाणी काढलं. एवढ्या घट्ट कापसात लिक्विड मुरलंच नव्हतं, तो नुसता जळला होता. मी कापूस उपसून नवा सैल ओवला. मग कुठे पांढरा ढग निघाला आणि हॉलभर आंब्याचा खोटा वास पसरला.

"छान झालंय," तो म्हणाला. "उजवीकडची जरा तिरकी बसलीय, पण चालेल."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटत घासायला लागले. मागून सासूबाई आल्या.

"ती सिगारेटच हाय नव्हं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी नळ बंद केला. "होय, आई."

"मला वाटलंच. कफाला कुणी आंब्याच्या वासाची वाफ देतं व्हय?" त्या ओट्याला टेकल्या. "ह्याच्या बापाच्या अंगावरनं वारं गेलं, हात लुळा पडला, तवा तंबाखू मीच मळून द्यायची. चुना लावून, बारीक करून, तळहातावर. नाही दिली की आरडाओरडा. वाटायचं, त्यांचं तेवढंच सुख हाय. ते गेल्यावर कळलं, त्यांचं मरण मी रोज माझ्या हातानं मळत हुते. तू नको करत जाऊ."

त्या बाहेर जाऊन मेथी घेऊन आल्या.

पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा तार पुढे केली. मी म्हटलं, "मी नाही बांधणार. सिगारेट आणायची तर आण. तीही तुझी तूच आण."

त्याने डाव्या हाताने प्रयत्न केला, तारेचं टोक दातांत धरून. जमलं नाही. चिडला, दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, आईने वाढलेल्या जेवणातही खोड काढली. टपरीवर गेला की नाही, मी विचारलं नाही. प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने टेबल पुन्हा ताब्यात घेतलं आणि स्वतःच्या कॉइल स्वतः बांधल्या. बंदी आल्यावर साठवलेलं लिक्विड पुरवून पुरवून वापरलं, संपल्यावर महिनाभर घर डोक्यावर घेतलं. नंतर व्यसन सुटलं ते सुटलं. सासूबाईंनी त्याला कधीच काही म्हटलं नाही. मला मात्र त्या अजून फोनवर विचारतात, "काय बांधत नाहीस ना?"