पहिल्या खिडकीवरचा संशय

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि पोटापाण्याचा धंदाही. अमरावतीत बसून मी लोकांच्या सॉफ्टवेअरची नक्कल चालवून बघतो. सॉफ्टवेअर एकसंध नसतं. त्याचे भाग असतात, ते एकमेकांशी बोलतात, आणि हल्ली तर चालू कामातच एक भाग जातो, दुसरा येतो. असा बदल खरोखर करण्याआधी मी संगणकात खोटा हंगाम उभा करतो, खोटी गर्दी सोडतो आणि कुठे फाटतंय ते पाहतो.

अकोल्याजवळच्या एका धान्य खरेदी केंद्रासाठी मी असाच हंगाम चालवला होता. सोयाबीनचे ट्रॅक्टर आले की दोन खिडक्यांवर टोकन मिळायचं. दिवाळीनंतर गर्दी वाढली की नंबर देणारा जुना भाग बाजूला होणार आणि नवा, मोठा भाग कामाला लागणार. खोटा हंगाम किती वेळा चालवला याला गणती नाही. एकही नंबर दुबार निघाला नाही.

प्रत्यक्षात निघाले. एकाच नंबराचे दोन शेतकरी वजनकाट्यासमोर एकमेकांच्या अंगावर जायला लागले. दर जोडीतलं एक टोकन पहिल्या खिडकीचं. तिथे कंत्राटावर एक बाई बसायची. माझी नक्कल स्वच्छ, म्हणजे बाईच ओळखीच्यांना मध्ये घुसवत असणार, असं मी धरून चाललो. वर व्यवस्थापकांना फोन करून सांगूनही टाकलं, "पहिल्या खिडकीवर लक्ष ठेवा." तिचं कंत्राट महिनाअखेर संपतंय, हे मला माहीत होतं.

मग पुरावा गोळा करायला बसने अकोल्याला गेलो. दिवसभर तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो. "सर, चहा घ्या," म्हणाली, तर मला त्यातही काळंबेरं दिसलं. पण तिने कुणालाच मध्ये घेतलं नाही. एकजण खिडकीशी येऊन लाडीगोडी लावत होता, त्याला "मांगं जा, भाऊ," म्हणून हाकललं. संध्याकाळी तिने स्क्रीन बंद केली, वर रुमाल झाकला आणि पिशवी उचलली. संगणक चालूच.

"हा बंद नाही करत?" मी विचारलं.

"मुहूर्ताची मशीन हाये, सर. दसऱ्याले पूजा केली, आता हंगाम सरल्यावरच बंद करीन. माहे बाबा कापसाच्या जिनिंगमधी होते, त्यायचा बी असाच नेम होता."

खोट्या हंगामात सगळे संगणक संध्याकाळी बंद होतात आणि सकाळी नव्याने सुरू होतात, असं मी गृहीत धरलं होतं. सुरू होतानाच त्यांना नवा भाग कळायचा. हिचा संगणक दसऱ्यापासून सुरूच, त्यामुळे तो अजून जुन्या भागाकडून नंबर घेत होता. आणि तो जुना भाग, अडीअडचणीला असू द्यावा म्हणून, मीच चालू ठेवला होता.

तिथूनच व्यवस्थापकांना फोन लावला. चूक माझी आहे, तिची नाही, असं स्वच्छ सांगितलं.

"तुमी म्हनता तं असन, सर. पन तुमी दिवसभर तिच्या मांगं बसले, त्याचा गावभर बोभाटा झाला. आता लोकं तिच्या खिडकीवर याले तयार नाईत. मंग मी तिले ठिवून काय करू? उद्या कोनी आलं तं पाहू."

माझ्या फोनचा आवाज मोठा. तिने सगळं ऐकलं. "म्हनजे तुमीच सांगतलं होतं," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री मुक्काम केला, जुना भाग बंद केला, तिचा संगणक नव्या भागाला जोडला आणि सकाळी पहिल्या खिडकीबाहेर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या खिडकीची रांग फाटकाबाहेर गेली होती. इथे चिटपाखरू नव्हतं. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होतो, की चूक माझ्या प्रोग्रामची होती, ती दुरुस्त केली, या ताईंनी काही केलेलं नाही. एक म्हातारे शेतकरी थांबले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मला खालून वर न्याहाळलं, काचेपलीकडे मान खाली घालून बसलेल्या तिलाही न्याहाळलं.

"ते सारं ठीक हाये," ते म्हणाले. "पन तुमी हिचे कोन लागता?"

आणि ते दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहिले.