निळ्या पत्र्यांचा कागद

धारूरच्या बाजारात मी तीन वर्षं राहिलो. एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. माझी खोली एका सिमेंट दुकानदाराच्या गोदामाला लागून होती. गोदामावर निळे पत्रे होते. तोवर गावात पत्रा म्हणजे करडाच. हे निळे औरंगाबादहून आले आणि त्यांच्यासोबत दहा वर्षांची हमी देणारा एक इंग्रजी कागद आला. वस्तूबरोबर असा कागद येतो, हे नवीन होतं. मालकाने तो काचेच्या चौकटीत बसवून महादेवाच्या तसबिरीशेजारी टांगला. सकाळी विभूती लावून झाली की एक बोट त्या काचेलाही लागे.

छपरावर मात्र त्याने दगड ठेवले. पत्रा म्हटला की वर दगड, ही इकडची रीत. घाटावरचा उन्हाळी वारा सैल पत्रा शेतापर्यंत नेतो. "बोल्ट कंपनीचा, दगड आपला," असं तो म्हणे.

पत्रे बसल्याच्या चौथ्या वर्षी वैशाखात वळवाच्या सरीने छप्पर दाराजवळ गळलं. खालची चार पोती घट्ट झाली. पावसाळा महिन्यावर आला होता आणि गोदाम भरलेलं होतं. पत्रे बदलले नाहीत तर बाकीची पोतीही तशीच होणार होती. मालक चौकट घेऊन माझ्याकडे आला.

"पत्रकार, कंपनीला काय लिवायचं ते लिवा."

कंपनीचा पत्ता कुठे दिसेना. खिळे काढून कागद बाहेर घेतला, तर तो पाठपोट छापलेला. मागची बाजू चार वर्षं पुठ्ठ्याला टेकून होती. पत्ता आणि अटी तिथे होत्या. मी वाचून सांगू लागलो. गंजून भोक पडल्यास कंपनी पत्रा बदलून देईल. ज्या पत्र्यावर कोणतीही वस्तू ठेवली जाईल, त्याची हमी संपेल.

"दगड काय वस्तू हाय का?" मालकाने विचारलं.

"त्यांच्या लेखी असेल."

मी पत्र लिहिलं. कंपनीचा माणूस येणार, असं उत्तर आलं. तो यायच्या आदल्या दिवशी मालकाने हमालांकडून सगळे दगड उतरवून भिंतीशी रचले.

"मालक, वर डाग राहिलेत. भाकरीयेवढाले," हमाल शिडीवरून म्हणाला.

"राहू दे बे. डाग बोलत न्हाईत."

कंपनीचा माणूस छपरावर बराच वेळ होता. खाली उतरून त्याने हात झटकले.

"शेठ, दगड कुठे आहेत?"

"कंचे दगड?"

त्याने भिंतीजवळ जाऊन बुटाच्या टोकाने एक दगड उलटा केला. बुडाला निळा रंग होता. दुसरा उलटला, तोही निळा. हमाल पोत्यांआड गेले. शेवटी मालकालाच हसू आलं.

गळती दगडाखालीच आहे का, असं मी विचारलं. कंपनीचा माणूस म्हणाला, नाही. दाराच्या वर जिथे पाणी येत होतं, त्या दोन पत्र्यांवर दगडाची खूण नव्हती. त्यांच्या कडा आपोआप गंजल्या होत्या. कारण मालकाने सांगितलं: तिथे खाली मालमोटार लागते; दगड घरंगळला तर हमालाच्या डोक्यात पडेल. म्हणून तेवढे दोन मोकळे राहिले होते. कंपनीने तेच दोन बदलून द्यायचं कबूल केलं.

"साहेब, दगड न्हाई ठिवला अन् वाऱ्यानं पत्रा नेला तर? कागद देतो का?"

"नाही. वादळ हमीत येत नाही."

"मंग दगड कावून ठिवू न्हाई?"

"बोल्ट दरवर्षी आवळून घ्यायचे."

"हे बी मागल्या बाजूलाच लिवलंय?"

"सातवी अट."

मृगाआधी दोन पत्रे बसले. त्या पावसाळ्यात एकही पोतं भिजलं नाही. ज्या पत्र्यांची हमी गेली होती, त्यांच्यावर दगड परत चढले. गेलेली हमी पुन्हा जाणार नव्हती. कागदही चौकटीत गेला, या वेळी अटींची बाजू काचेकडे करून. बोट लावणं चालू राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात पहिलं वादळ आलं तेव्हा मालक हातात पाना घेऊन रस्त्यावर उभा होता. बाकीच्या छपराकडे त्याने पाहिलंही नाही. दाराच्या वरचे दोन पत्रे थरथरले, पण उडाले नाहीत. वारा पडताच त्याने शिडी मागवली आणि हमालाला न सांगता स्वतःच वर चढला.