आवक मोहित्यांची, जावक सावंतांची

आमच्या लालबागच्या चाळीत कमिटीचा विषय निघाला की एका किश्शावर कोणी उठत नाही. पहिला संपायच्या आत दुसऱ्याला तिसरा आठवतो. मी फोर्टात एका ऑफिसात कम्प्युटर बघतो, त्यामुळे चाळीतला प्रत्येक रुसलेला फोन माझ्या दारात, आणि सोबत किस्सा फ्री. हे खालचे सगळे मात्र एकाच ईमेलचे आहेत. हो, एकाच!

झालं काय, पुनर्विकासाची पात्रता यादी लागली आणि तळमजल्याच्या जाधव आजींची खोली यादीत नाही. खोली अजून वारलेल्या नवऱ्याच्या नावावर. यादीवाल्या ऑफिसने सांगितलं, हरकत कमिटीच्या अधिकृत ईमेलवरूनच घेऊ, महिनाअखेरच्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. नाही आली तर खोली गेली. आणि कमिटीला ईमेलच नव्हता! मग डोमेन घेतलं, होस्टिंगवर अकाउंट उघडलं, आणि ते फोनच्या मेल ॲपमध्ये बसवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

*

ॲपने विचारलं, इनकमिंग सर्व्हर कुठला, आउटगोइंग कुठला. मी ते मोठ्याने वाचलं, ही माझी चूक.

अध्यक्ष सावंतकाका लगेच म्हणाले, जावक अध्यक्षाच्या हातूनच जाणार. सेक्रेटरी मोहितेकाका म्हणाले, आवक सेक्रेटरीशिवाय कोणी उघडायची नाही. चाळीत पहिल्यापासून दोन रजिस्टरं, दोन कपाटं, दोन किल्ल्या. एकाच फोनवर दोन्ही होतं म्हणून मी घसा कोरडा केला, कोणी ऐकेना. शेवटी सावंतकाकांच्या फोनवर फक्त मेल पाठवणं चालू ठेवलं आणि मोहितेकाकांच्या फोनवर फक्त येणं. असलं सेटिंग मी आख्ख्या नोकरीत केलं नव्हतं.

*

पासवर्ड ठरवायला मीटिंग भरली. ठराव झाला, अनुमोदन झालं. आता ठराव म्हटला की तो फळ्यावर लागतो. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेखाली आमचा पासवर्ड, वळणदार अक्षरात, कॅपिटल अक्षराखाली रेघ मारून!

मी डस्टर घेऊन धावलो. मोहितेकाकांना चूक पटली, त्यांनी गुपचूप पासवर्ड बदलला आणि आपल्या फोनवर टाकला. सावंतकाकांना सांगितलं नाही. कसं सांगणार? त्याच मीटिंगमध्ये जिन्याच्या रंगावरून दोघांचं वाजलं होतं आणि बोलणं बंद झालं होतं.

*

सावंतकाकांची मेल पाठवायची पद्धत बघण्यासारखी. आधी लेटरहेडवर पत्र लिहायचं. सही, शिक्का. शिक्का फिसकटला तर परत पहिल्यापासून. मग त्याचा फोटो काढून मेलला जोडायचा. मेलमध्ये एकच ओळ, सोबत पाहावे. बटण दाबलं की रजिस्टरात जावक क्रमांक टाकायचा आणि मगच चहा.

जाधव आजींची हरकत जावक क्रमांक नऊ. आजी रोज दारात येऊन विचारायच्या, गेलं का. काका रोज रजिस्टर उघडून दाखवायचे.

*

शुक्रवारी दुपारी तीनला आजी माझ्याकडे आल्या. पोच अजून आली नव्हती. मी त्यांना घेऊन काकांकडे गेलो, फोन उघडला. आउटबॉक्समध्ये चौदा पत्रं! काका कौतुकाने म्हणाले, बघ, सगळी जावकीत आहेत.

खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, पासवर्ड चुकीचा. जुन्या पासवर्डमुळे एकही मेल फोनच्या बाहेर पडलं नव्हतं. धावत मोहितेकाकांकडे गेलो. आजींचं नाव काढल्याबरोबर त्यांनी नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला.

परत येऊन बघतो तर चौदावं पत्र राजीनामा. अध्यक्षपदाचा! रंगाचं भांडण परत आठवून एका रात्री तावातावाने लिहिलेला, कमिटीच्याच पत्त्यावर, म्हणजे थेट मोहितेकाकांच्या फोनवर जाणारा. दुसऱ्या दिवशी राग उतरला होता. मोहित्यांनी विषय काढला नाही, म्हणजे त्यांनाही आपण हवे आहोत, असं समजून काका मनातून सुखावले होते. बावीस वर्षांचे अध्यक्ष.

मी म्हटलं, काका, पासवर्ड टाकला की सगळी एकदम सुटतील, चौदावं आधी काढून टाकतो. काकांनी रजिस्टर उघडलं. आपल्याच अक्षरातल्या चौदाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"क्रमांक पडलो हा," काका म्हणाले. "जावकीत खाडाखोड करूची नाय. टाक पासवर्ड."

टाकला. चौदाच्या चौदा गेली. काकांनी जावकीच्या कपाटाची किल्ली जुडग्यातून काढली आणि टेबलावर ठेवली. मला फार वाईट वाटलं.

पावणेपाचला मोहितेकाका दारात. भांडणानंतर पहिल्यांदाच ते या खोलीत आले होते. "जाधवबाईंच्या हरकतीची पोच आली," ते म्हणाले. "आवक नोंदवली." आजींनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

सावंतकाका खिडकीकडे बघत होते. "आणि माझां?"

मोहितेकाकांचा फोन माझ्या नाकासमोर होता. इनबॉक्समध्ये वर पोच आणि तिच्याच खाली राजीनामा, मला स्वच्छ दिसत होता.

"ते स्पॅममध्ये गेलंय," फोन खिशात टाकत मोहितेकाका म्हणाले. "स्पॅमची आवक मी नोंदवत नाही."