बाणाचं दुसरं टोक

आधी माझी चूक सांगतो. खानझोडे सरांच्या अहवालातली एक आकृती मी बदलली, आणि ते जाईपर्यंत कुणालाही सांगितलं नाही.

सरांच्या पत्नीचा, काकूंचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "सर गेले रे, अनिल," एवढंच त्या म्हणाल्या... नागपूरहून बदली होऊन भोपाळला आलो, तेव्हा या शहरात माझ्यावर मराठीत रागावणारं माणूस एकच, सर. अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, शाहपुऱ्यात राहणारे. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर चक्क काळा फळा होता. त्यावर 'निर्यात' आणि 'विकास' हे दोन शब्द, आणि मध्ये दोन्हीकडे टोक असलेला बाण. "निर्यात वाढली म्हणून देश पुढे जातो, की देश पुढे गेला म्हणून त्याचा माल बाहेर खपतो? दोन्ही रे बाबा. गरीब देश इथेच फसतात. शाळा, रस्ते, कारखाने राहतात बाजूला, आणि नुसती पोती बाहेर पाठवत बसतात."

दर रविवारी ते मला करोंदच्या धान्य मंडीत नेत. शरबती गव्हाचा ढीग दिसला की चार दाणे तोंडात टाकत आणि हमालाला विचारत, "भैया, घर में यही खाते हो?" एकदा एक जण पाठीवरचं पोतं सावरत हसला. "ये तो बाहर जाएगा साब. अपने हिस्से में तो इसका वज़न आता है."  परतताना सर म्हणाले, "लिहून ठेव."

पुढे माझ्या खात्यासाठी आम्ही दोघांनी याच विषयावर अहवाल लिहिला; वर नाव सरांचं, आत आकृती त्याच बाणाची. छापायला देण्याआधी माझे वरिष्ठ म्हणाले, "दो तरफ़ का तीर कौन समझेगा? सीधा रखो." माझी बढती त्यांच्याकडे अडली होती. विकासाकडून निर्यातीकडे येणारं टोक मी खोडलं, त्याबद्दलचा खालचा परिच्छेदही काढून टाकला. सरांना विचारलं नाही.

अहवालावर चर्चेसाठी खात्यात बैठक झाली, तिथे बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञाने नेमकं तेच पान उघडलं. "प्रोफेसर साहब, इतना सीधा तो पहले साल वाले भी नहीं लिखते." लोक हसले. सरांनी माझ्याकडे पाहिलं... मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. "मुझसे चूक हुई," ते म्हणाले. "छपने से पहले देखना था."

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. रविवार चालू राहिले, गहू चावणंही. त्या पानाबद्दल मात्र अवाक्षर नाही. एकदा तरी त्यांनी माझ्यावर रागवायला हवं होतं.

परवा काकूंकडे गेलो. फळा तसाच, बाण तसाच. "पुसवत नाही रे," काकू म्हणाल्या. "पण शेवटी शेवटी त्यांचं लक्ष राहत नव्हतं बघ. त्या अहवालात केवढी चूक केली! तेव्हाच मी ओळखलं, वय झालं यांचं."

मी खुर्चीतून उठलो.

"सर चुकले नव्हते, काकू. ते टोक मी खोडलं, माझ्या बढतीसाठी. ती मिळालीसुद्धा. त्या दिवशी लोक हसले तेव्हा गप्प बसलो तोही मीच. हे त्यांच्यासमोर बोलायला हवं होतं... तुमच्यासमोर बोलतोय. मला माफ करा."